सातवी गाठ

आस्तारा, नदीच्या उत्तरेला
दि. ४ मार्च

ती. आत्यास,
सेनूबरचा सलाम वि. वि.

आधीच माफी मागते. नववीनंतर शाळा सोडली, त्यामुळे माझी अक्षरं इकडची तिकडे होतात, तू समजून घे. आणि टायपिंग म्हणजे एका बोटाचा कारभार. फोनची काच फुटलीय, मधल्या रांगेतली तीन अक्षरं दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाहीत. एवढं लिहीपर्यंत चहा गार झाला. तू म्हणशील, फोनच का नाही केलास. आत्या, मला फोनवर बोलता येत नाही. बाबा म्हणतात, या पोरीचं तोंड उघडायला एकदा तिच्या अंथरुणात खेकडा सोडायला लागणार.

तर बाबा तुमच्याकडे आहेत. म्हणजे तुमच्या गावात, नदीपलीकडे, कोठडीत. गेल्या गुरुवारी सकाळी नाव घेऊन मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. शेजारच्या बलागाची नाव थोडी मागे होती, त्याने पाहिलं. तुमच्याकडच्या पहाऱ्याची करडी बोट आली, बाबांच्या नावेला दोर लावला आणि ओढून नेली. बाबांनी म्हणे टोपी काढून हलवली. बलागाला वाटलं गंमत करतायत. बलागा पळून आला म्हणून गावात त्याला बायकासुद्धा टोमणे मारतायत. पण तो तरी काय करणार होता?

आत्या, तू जाऊन भेटशील का? त्यांचा डावा गुडघा थंडीत धरतो. लोकरीचे मोजे दे. कच्चा कांदा घातलेलं काही देऊ नको, खातात आणि मग रात्रभर कुरकुरतात.

इकडे सगळं ठीक आहे. घरात मी आणि आपला पाळलेला हंस. रोज चुकून दोन पेले चहा ओतते, दुसरा परत किटलीत घालते.

एक विचारायचं होतं. त्यांनी नावेतल्या दोराबद्दल काही विचारलं का? सहजच विचारते.

लोभ आहे तो असू दे. समुद्राचं पाणी ओसरतंय, तेवढं तुझं मन ओसरू देऊ नको.

तुझी,
सेनूबर


आस्तारा, नदीच्या दक्षिणेला
दि. ९ मार्च

चि. सेनूबर हिस,
बलाखानम आत्याचे अनेक आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षरांचं मनावर घेऊ नकोस. मी इकडे लग्न होऊन आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. इथे उजवीकडून लिहितात, त्यामुळे डावीकडून लिहायला लागले की मला नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहल्यासारखं होतं. आपण दोघी सारख्याच.

तवक्कुलला भेटले. बरा आहे. सरहद्दीवरचा पूल बंद झाल्यापासून पाच वर्षं मी भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, बहिणीकडे यायचं तर नीट मिठाई घेऊन यावं माणसाने, असं बेड्या घालून कोण येतं. तो हसला. मग आम्ही दोघंही रडलो, आणि पहाऱ्यावरचा शिपाई भिंतीकडे बघत उभा राहिला, भला माणूस. मोजे दिले. अक्रोड आणि आंबट आलुबुखार भरलेला मासा दिला. तुझ्या आईच्या हातचा याहून चांगला असायचा, असं मासा संपवल्यावर म्हणाला.

आता गुन्हा काय ते सांगते. मला कायद्यातलं कळत नाही, पण तुझे आतोबा शिंपी असल्यामुळे त्यांनी मला बरोब्बर समजावलं. त्यांनी मेजावर कात्री उघडून ठेवली. म्हणाले, हा खिळा म्हणजे आपल्या नदीचं मुख. इथपर्यंत दोन्ही देशांची रेघ एकच, भांडण नाही. पुढे समुद्रात गेलं की रेघ फाटते. एक पातं तुमच्या देशाची रेघ, दुसरं आमच्या देशाची. मधली जी उघडी जागा, ती दोघेही आपली म्हणतात. पाच देशांचे मोठे लोक मागे एकत्र बसून कॅस्पियनच्या कागदावर सह्या करून गेले, पण हा कोपरा तसाच राहिला. आणि तुझा भाऊ, आतोबा म्हणाले, बरोब्बर पात्यांच्या मध्ये जाळं टाकून बसला होता. मी त्यांना म्हटलं, कात्री बंद करून ठेवा आधी, मला बघवत नाही.

पण मला एक कळेना. आपल्या घराण्यात सातव्या गाठीपलीकडे कुणी जात नाही. माझ्या आजोबांचा नियम. शिशाचा गोळा दोराने खाली सोडायचा, सातवी गाठ पाण्याला टेकली की मागे फिरायचं, कारण तिथवर कात्री अजून उघडलेली नसते. बाकीचे मोबाईलमध्ये बघून जातात, तवक्कुल दोरावर जातो. मग हा चुकला कसा?

दोराबद्दल विचारलंस. दोर जप्त झालाय, कोर्टात आहे. सुनावणी अठराला.

मंगळवारी दुपारी गच्चीवर लाल रजई वाळत घालते. नदीकाठी येऊन बघ. तेवढीच भेट.

माया आहेच, ती पूल बंद म्हणून अडत नाही.

तुझी आत्या,
बलाखानम


आस्तारा, नदीच्या उत्तरेला
दि. १४ मार्च

ती. आत्यास,
सेनूबरचा सलाम वि. वि.

मंगळवारी बसने नदीकाठी गेले होते. तुमच्या बाजूला गच्चीगच्चीवर रजया. लाल तीन होत्या, आत्या. नवरोजची साफसफाई चाललीय ना सगळीकडे. तुझी कुठली ते कळेना, म्हणून मी तिन्हींना हात केला. मधल्या गच्चीवरून एका बाईने उलटा हात केला. ती तू होतीस का? नसलीस तरी सांगू नको.

गावात सध्या बाबांवरून चहाच्या दुकानात रोज वाद. मी मासे द्यायला जाते तेव्हा ऐकते, दारातच उभी राहते. परवा वाद असा होता की कॅस्पियन हा समुद्र आहे की तळं. समुद्र असेल तर म्हणे वाटणीचा कायदा वेगळा, तळं असेल तर वेगळा, आणि यावर मोठमोठे वकील म्हातारे झाले. तर अगाखान चाचा म्हणाले त्यात वकील कशाला हवेत, जिभेला लावून बघा, खारट आहे म्हणजे समुद्र. त्यावर जाळीवाला नूरी म्हणाला की चाचांच्या बायकोचं सारसुद्धा खारट असतं, मग त्यात काय जहाजं सोडायची का. सगळे इतके हसले की चाचा चहाचे पैसे न देताच उठून गेले. मलाही हसू आलं. मग वाटलं, घरी जाऊन हे बाबांना सांगू. मग आठवलं.

संध्याकाळी हंसाला सांगितलं. त्याला नाही आवडलं.

बाबा दोराबद्दल काय बोलले? म्हणजे कोर्टात काय बोलणार आहेत? आत्या, मला हे नक्की कळवशील का? मी गहू भिजत घातलाय नवरोजसाठी, कोंब आलेत, पण ताट एकटीसाठी मांडू की नको ते ठरत नाही.

लोभ धरून ठेव. दुसरं धरायला इथे काही नाही.

तुझी,
सेनूबर


आस्तारा, नदीच्या दक्षिणेला
दि. २१ मार्च

चि. सेनूबर हिस,
आत्याचे अनेक आ. नवरोजचे गोड आशीर्वाद वेगळे.

ताट मांडलंस ना? मांड. कोंब वाया घालवू नयेत.

मधली रजई माझी नव्हती, माझी डावीकडची. पण ती बाई आमच्या ओळखीची आहे, मला म्हणाली की पलीकडून एक गोड पोर हात करत होती, मी आपली सून मानून हात केला. आता तिच्या मुलाचं सांगून येईल तेव्हा माझ्यावर चिडू नकोस.

आता कामाचं. अठराला कोर्ट झालं. आपला वकील म्हणाला की जी रेघ आखलीच नाही ती ओलांडली असं कसं म्हणता. न्यायाधीश म्हणाले की रेघ कुठली खरी हे ठरवणं माझं काम नाही, ते राजधानीतल्या लोकांनी करावं, मी थकलो. माझ्यापुढे एकच प्रश्न आहे की हा माणूस जाणूनबुजून गेला की चुकून गेला. चुकून असेल तर भोगली तेवढी कैद पुरे. जाणूनबुजून असेल तर दोन वर्षं.

मग दोर आणला. भर कोर्टात दोन शिपायांनी उलगडून मापला. आणि सेनू, तो लांब निघाला. पाऊण मीटर लांब. जिथे त्यांनी नाव धरली तिथे सातवी गाठ बरोब्बर पाण्याला टेकते. म्हणजे तवक्कुल त्याच्या हिशेबाने नियमातच होता. समुद्राचं पाणी दरवर्षी उतरतं तसा दोर आखूड करायचा असतो, तो केलेला नव्हता, एवढंच. हे वकिलाने सांगितलं तेव्हा मला वाटलं सुटला माझा भाऊ.

न्यायाधीशांनी विचारलं, दोर दरवर्षी आखूड कोण करतं? तवक्कुल उभा राहिला आणि म्हणाला, मीच. यंदाच्या पाण्याच्या मंगळवारी, नवरोजआधी पाणी मोजायच्या दिवशी, मी स्वतः धक्क्यावरच्या खांबापाशी जाऊन पाणी मोजलं आणि स्वतः शिसं बांधलं. झालं. सरकारी वकिलाने तिथेच पकडलं. म्हणाला, तीस वर्षं मासेमारी केलेला माणूस स्वतः पाणी मोजतो आणि पाऊण मीटर चुकतो, हे कुणाला पटेल? म्हणजे दोर मुद्दाम लांब ठेवलाय, पकडलं गेलं तर दाखवायला. न्यायाधीशांनी मान हलवली. ती हलवलेली मान मला आवडली नाही.

पोरी, मी त्याच गावची आहे. पाण्याच्या मंगळवारी खांबापाशी बायका जातात. पुरुष त्या वेळी पाठ करून बसतात, नाहीतर वर्षभर जाळं रिकामं येतं म्हणतात. तवक्कुल तिथे जाईल? तो तर साधं मांजर आडवं गेलं तरी घरी परत येतो. हे कोर्टाला माहीत नाही. मला माहीत आहे. मी तुला काही विचारत नाही.

त्याने तुला दोन ओळी लिहिल्यात, खाली उतरवते आहे.

"चि. सेनूबर, अ. आ. मी मजेत. दोराचं काम दरवर्षी मीच करतो हे तुला आठवत असेलच. आठवत नसेल तर आठव. कुणी विचारलं तर तू त्यातलं काही जाणत नाहीस. हंसाला ओला भात घालू नको, पोट बिघडतं. तुझा बाबा."

पुढची तारीख आठ एप्रिल.

माया पाठवते, ती तरी पलीकडे पोचेल.

तुझी आत्या,
बलाखानम


आस्तारा, नदीच्या उत्तरेला
दि. २५ मार्च

ती. आत्यास,
सेनूबरचा सलाम वि. वि.

तू विचारलं नाहीस, म्हणूनच सांगते.

दोर मी बांधते. आई गेल्यापासून. आणि तीन वर्षं मी पाणी मोजलेलंच नाही.

तुला माहीत आहे ना तिथे कसं असतं? जुन्या धक्क्याचा लोखंडी खांब, भोवती सगळ्या बायका. एकेका घराने पुढे होऊन खांबावर माप बघायचं आणि ओरडून सांगायचं, अमक्या घराचं पाणी इतकं उतरलं. मग सगळ्या एकदम म्हणणार, ऐकलं. आई ओरडायची तेव्हा तिकडे वाळूवर पाठ करून बसलेल्या बाबांना ऐकू जायचं. ते म्हणायचे, तुझी आई मोजते तेव्हा मासेसुद्धा सावध होतात.

पहिल्या वर्षी मी गेले होते. अर्ध्या वाटेपर्यंत. सगळ्यांचे चेहरे वळले आणि मला नववीचा वर्ग आठवला. बाई मला उभं करायच्या, धडा वाच म्हणायच्या, आणि मी पुस्तक धरून उभी, आणि मागे कुणीतरी म्हणायचं, सेनूबरचा रेडिओ बंद पडला. मी परत आले. घरी येऊन आईच्या गाठीवरच नवा दोरा गुंडाळला, शिसं चकचकीत घासलं आणि बाबांना सांगितलं, मोजलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी तर अर्धी वाटसुद्धा गेले नाही. यंदाही नाही. गावातल्या बायकांना वाटायचं, आई नसलेलं घर आहे, कोण विचारणार. कुणी विचारलंच नाही. एखादीने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दरवर्षी मी मनाशी म्हणायचे, एवढंसं पाणी, काय फरक पडतो. पण ते एवढंसं दरवर्षी उतरत होतं आणि बाबा दरवर्षी थोडे जास्त आत जात होते. सातव्या गाठीवर विश्वास ठेवून. म्हणजे माझ्यावर.

बाबांनी मला आठवायला सांगितलंय. मी आठवते आहे, पण ते सांगतायत ते आठवत नाही.

वकिलांना विचार, माझं म्हणणं चालेल का. मी लिहून देते. किंवा इकडच्या कचेरीतून पडद्यावर बोलतात तसं बोलायचं असेल तर

नाही, लिहूनच देते. विचारून बघ.

हे वाचूनही लोभ उरला तर थोडा ठेव.

तुझी,
सेनूबर


आस्तारा, नदीच्या दक्षिणेला
दि. ९ एप्रिल

चि. सेनूबर हिस,
आत्याचे अनेक, अनेक, अनेक आ.

तू तिकडे पडद्यासमोर बसली होतीस, तुला इकडचं काही दिसत नव्हतं असं नंतर कळलं, म्हणून सगळं लिहिते.

लिहून दिलेलं चालणार नाही, तोंडानेच सांगावं लागेल, हे तुला कळवलं त्या दिवसापासून मला झोप नव्हती. आतोबा म्हणत होते, ती पोर सुईच्या नेढ्यातून उंट काढेल पण तोंडातून शब्द काढणार नाही. कालपासून ते माझ्याशी नजर मिळवत नाहीत.

कोर्टाच्या भिंतीवर तू आलीस. आधी नुसतं कपाळ. मग कुणीतरी पडदा हलवला आणि अर्धा चेहरा. तुझ्या आईचा काळा रुमाल ओळखला मी. तुला नाव विचारलं. तू गप्प. परत विचारलं. गप्प. सरकारी वकील कागद गोळा करायला लागला. मी तवक्कुलकडे पाहिलं, तो पडद्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको म्हणून. तुला दिसत नव्हतं ते बरं झालं.

आणि मग तू ओरडलीस. सेनू, तू बोलली नाहीस, ओरडलीस. तवक्कुलच्या घराचं पाणी तीन वर्षं मोजलं नाही, मी मोजलं नाही, असं. दुभाषी दचकला, त्याच्या हातातलं पेन पडलं. न्यायाधीशांनी आवाज कमी करायला सांगितलं तर शिपाई म्हणाला, यंत्राचा आवाज आधीच सगळ्यात कमी आहे. मग तू बाकीचं सांगितलंस, वर्गाचं, रेडिओचं, चकचकीत शिशाचं. सरकारी वकिलाने विचारलं की बापाला वाचवायला खोटं बोलतेस कशावरून नाही. तू म्हणालीस, खोटं बोलता येत असतं तर बाबांसारखं आधीच बोलले असते. तो माणूस खाली बसला.

तवक्कुलने तोंडावर टोपी धरली होती. ती त्याने शेवटपर्यंत काढली नाही.

न्यायाधीशांनी सोडलं त्याला. जाणूनबुजून नाही, असं लिहिलं. पण नाव नाही सोडली, बाळ. नाव आणि दोर दोन्ही ठेवून घेतलं. ते पाणी कुणाचं हे जोवर दोन्ही देश ठरवत नाहीत तोवर नाव कुणाला द्यायची ते सांगता येत नाही म्हणे. वकिलाने विचारलं, कधी ठरेल. न्यायाधीश म्हणाले, तुमच्या मुलांना विचारा, त्यांनी वकिली केली तर. नाव इथे बंदरात उलटी घालून ठेवलीय. मी अधूनमधून जाऊन बघीन.

कागद झाले की त्याला पुलावरून पायी सोडतील. मी पुलाच्या या टोकापर्यंत येईन. तू त्या टोकाला उभी राहा.

माया आता तुझ्या आवाजात बोलते, म्हणजे ऐकू जाईल.

तुझी आत्या,
बलाखानम


आस्तारा, नदीच्या उत्तरेला
दि. ३ मे

ती. आत्यास,
सेनूबरचा सलाम वि. वि.

उशीर झाला, माफ कर. तू पुलावर त्या टोकाला दिसलीस. निळा कोट ना? यावेळी एकच बाई उभी होती, त्यामुळे चूक झाली नाही. बाबा मध्यावर आले तेव्हा एकदा मागे वळले आणि एकदा पुढे, मग तिथेच थांबले. शिपाई म्हणाला चला चाचा, पूल आहे, बाग नाही.

बाबा बरे आहेत. आता दोन पेले चहा ओतते आणि दोन्ही संपतात. पण घर तसंच शांत आहे. नाव नाही, म्हणून ते लिंबाच्या बागेत कामाला जातात, हात लिंबाच्या काट्यांनी भरलेत. सकाळी सवयीने चारला उठतात, दारात उभे राहून समुद्राकडे बघतात आणि परत येऊन बसतात. दोराचं एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. मला वाटायचं रागावले तरी चालतील. मी रोज वाट बघायचे, आज रागावतील. रागावलेच नाहीत, आणि त्याचंच जास्त वाटायचं.

परवा रविवारी बाजारातून नवा दोर घेऊन आले. नाव नसताना दोर कशाला, मी विचारलं नाही. त्यांनी दोर आणि शिशाचा गोळा माझ्या मांडीवर ठेवला, म्हणाले, चल.

जुन्या धक्क्यावर गेलो. मंगळवार नव्हता, बायका नव्हत्या, कुणीच नव्हतं. खांबाच्या नुसत्या घोट्याला पाणी आहे आता, आत्या. तुझ्या वेळची रंगाची खूण माझ्या डोक्याच्या वर आहे. बाबा वाळूच्या उंचवट्यावर गेले आणि पाठ करून बसले, रीतीप्रमाणे. मी चिखलात उतरले, माप बघितलं. आईच्या शेवटच्या खुणेपासून पंच्याहत्तर सेंटिमीटर.

ओरडायचं कुणासाठी, असं वाटलं. तरी ओरडले. तवक्कुलच्या घराचं पाणी इतकं उतरलं. दोन बगळे उडाले. मग काहीच नाही, नुसता वारा. आणि मग वाळूवरून, पाठ न वळवता, बाबा म्हणाले, ऐकलं.

घरी येऊन मी सात गाठी बांधल्या. वेळ लागला, एक दोनदा सुटली. बाबांनी दोर हातात घेतला, मोजून बघितला नाही, खुंटीला अडकवला आणि चहा मागितला. ती खुंटी आईची, ती गेल्यापासून रिकामीच होती.

नावेकडे बघत राहा. तिच्या पुढच्या टोकाला आईने निळा मणी बांधलाय, तो आहे ना तेवढं कळव.

लोभ आहे तितका पुरे, वाढला तर तो इकडे पाठव, पूल उघडायची वाट बघू नको.

तुझी,
सेनूबर

ता. क. सांगायचं राहिलंच, बेकरीतल्या साकिना मावशीने काल लग्न केलं. एकसष्टाव्या वर्षी. लेनकोरानच्या बसच्या ड्रायव्हरशी. आज गावात पाव नाही.